वाद्याच्या केसवरचा चिकटपणा कसा काढावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावणातले सप्ताह, चवथीच्या आरत्या, मग कार्तिकापासून जत्रा, काले आणि नाटकं. गोव्यातली पेटी, तबला, व्हायोलिन, गिटार वर्षभर या गावातून त्या गावात फिरत असतात. पावसात केस भिजू नये म्हणून प्लास्टिक गुंडाळून वर खाकी टेप मारली जाते. स्पर्धेत क्रमांकाचा स्टिकर लागतो, विमानतळावर टॅग लागतो. टेप निघते, स्टिकर फाटतो आणि मागे राहतो तो चिकट थर. त्यावर धूळ बसते, गुलाल बसतो, पेटी बांधायच्या चादरीचे तंतू बसतात. मंडळांकडून आणि शिकणाऱ्या मुलांच्या पालकांकडून याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

टेप काढल्यावर मागे राहतं ते नेमकं काय असतं?

बहुतेक वेळा दोनपैकी एक. खाकी टेप, मास्किंग टेप, जाड कापडी टेप यांचा गोंद बऱ्याचदा रबराचा असतो. रबरात राळेसारखे पदार्थ मिसळून तो चिकट केलेला असतो. हवा, ऊन आणि उष्णता लागली की हा गोंद पिवळा पडतो, पुढे तपकिरी होतो आणि शेवटी कडक होऊन खपलीसारखा बसतो. दुसरा प्रकार अ‍ॅक्रिलिकचा. पारदर्शक टेप, छापील लेबलं आणि चांगल्या प्रतीचे स्टिकर यांत हा असतो. हा लवकर पिवळा पडत नाही, पण वर्षानुवर्षं चिकट राहतो.

हा फरक कळला की अर्धं काम झालं. रबराचा गोंद तेलाने आणि टर्पेंटाइनने सैल होतो. अ‍ॅक्रिलिकचा गोंद स्पिरिटने फुगतो आणि सुटतो. थर पिवळट, जुना असेल तर आधी तेल. पांढरट, पारदर्शक, बोटाला ओढून धरणारा असेल तर आधी स्पिरिट. अर्थात खाली काय आहे ते पाहूनच.

सुरुवात कुठून करायची?

वाद्य बाहेर काढण्यापासून. केस रिकामी करा आणि वाद्य दुसऱ्या खोलीत, कापडाखाली ठेवा. व्हायोलिनचं वॉर्निश, पेटीचं पॉलिश, तबल्याची पुडी यांपैकी काहीही या कामातल्या द्रवांच्या जवळ नको. केसच्या खिशातल्या तारा, बो (व्हायोलिनचा गज), राळ, हातोडी, पावडरचा डबा हेसुद्धा काढा.

मग केस पुसा. नुसत्या ओलसर कापडाने धूळ आणि मीठ निघून जाऊ द्या. समुद्राजवळच्या घरांत केसवर खारट थर बसतोच, आणि धुळीसकट घासलं तर चकाकी जाऊन बारीक ओरखडे पडतात. त्यानंतर बोटाने जेवढं निघतंय तेवढं काढा. अंगठ्याने एकाच दिशेने चोळत गेलं की ताजा गोंद गोळ्या होऊन निघतो. कित्येकदा एवढ्यावरच काम भागतं. शाळेतला खोडरबरही इथे उपयोगी पडतो, पांढरा आणि मऊ असलेला.

उरलेल्यासाठी द्रव लागतो. तो निवडण्याआधी पुढचा प्रश्न नीट वाचा. या सगळ्या पानावर मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते त्यात आहे.

माझी केस कशाची बनलेली आहे, हे कसं ओळखायचं आणि त्याने काय फरक पडतो?

फार मोठा फरक पडतो. लोक विचारतात, ‘गोंद कशाने जातो?’ विचारायला हवं ते हे, की गोंदाखालचा पृष्ठभाग कशाने जाणार नाही. गोंद काढणारं द्रव बाजारात सहज मिळतं. केसचा गेलेला रंग परत मिळत नाही.

प्लायवूडवर रेक्झिन चढवलेली केस सगळ्यांत जास्त दिसते. गिटारची कडक केस, पेटीचा जुना खोका, बऱ्याच व्हायोलिनच्या केस अशाच असतात. बोटाखाली दाणेदार लागतं आणि कोपऱ्यांवर पत्र्याच्या किंवा पितळेच्या टोप्या असतात. रेक्झिन म्हणजे बहुतेक वेळा कापडावर चढवलेलं पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट पदार्थ मिसळलेले असतात. थिनर लावलं की ते पदार्थ निघून जातात आणि रेक्झिन कडक होऊन तडकतं. याला खोबरेल आणि साबण पुरतात. स्पिरिट हलक्या हाताने चालतं.

नवीन, हलक्या, एकसंध प्लास्टिकच्या केस एबीएसच्या किंवा पॉलिकार्बोनेटच्या असतात. आतल्या बाजूला किंवा बिजागराजवळ बारीक अक्षरांत तसा ठसा असतो. एबीएस अ‍ॅसिटोनमध्ये अक्षरशः विरघळतं. पॉलिकार्बोनेटवर त्याच अ‍ॅसिटोनने कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात आणि पुढे धक्का लागला की केस तिथेच फुटते. पेट्रोल, थिनर, नीलगिरीचं तेल हेही या दोघांपासून लांबच ठेवा. इथे आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणजे आयपीए, थोडं आणि पटकन पुसून घेतलेलं. तेल लावलंच तर दहा मिनिटांत पुसा, रात्रभर ठेवू नका.

फायबरग्लासची केस वाजवून पाहिली तर टणक आवाज देते आणि तिच्यावर रंगाचा गुळगुळीत थर असतो. फायबर स्वतः दणकट असतं, पण वरचा रंग तसा नसतो. म्हणून आयपीए चालेल, अ‍ॅसिटोन नको.

पॉलिश केलेला लाकडी खोका जुन्या घरांत अजून आहे. शिसवी किंवा सागवानी, फ्रेंच पॉलिश केलेला. फ्रेंच पॉलिश म्हणजे लाख आणि स्पिरिट. त्यावर स्पिरिट लावलं तर ज्यात ती लाख विरघळवली होती तेच पुन्हा लावल्यासारखं होतं. पॉलिश मऊ पडतं, कापडाला लागतं आणि पांढरा चट्टा राहतो. अशा लाकडावर थोडंसं मिनरल टर्पेंटाइन कापडावर घेऊन पुसावं. सुकलेल्या लाखेला त्याने धक्का लागत नाही. पॉलिश फ्रेंच आहे की मेलामाइन हे कळत नसेल, तर खोका फ्रेंच पॉलिशचा आहे असंच धरून चाला.

पत्र्याच्या रंगवलेल्या ट्रंकेत पेटी नेणारी मंडळं अजून आहेत. तिथे टर्पेंटाइन उत्तम. मात्र स्टिकरखाली गंज धरलेला असतो, तो उघडा पडला की तिथे लगेच थोडा रंग लावा. पुढच्या पावसाची वाट पाहू नका.

चामडं आता क्वचितच दिसतं. असेल तर बोटाने आणि खोडरबराने जेवढं निघेल तेवढंच काढा. स्पिरिट चामड्याचा रंग उतरवतं, तेल डाग पाडतं. बाकीचं राहू द्या.

ओळख पटली तरी आधी तळाला, जिथे कुणी पाहणार नाही अशा जागी, कापसाचा बोळा लावून पाच मिनिटं थांबा. बोळ्याला रंग आला किंवा जागा मऊ लागली तर ते द्रव बाजूला ठेवा.

घरातलं खोबरेल तेल चालतं का? कसं लावायचं?

चालतं, आणि रेक्झिन, पत्रा यांसाठी माझी पहिली पसंती तीच आहे. स्वस्त आहे, हाताला सोसतं, आग पटकन धरत नाही आणि गोव्यातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात मिळतं. दुकानातलं वासाचं, रंगीत केशतेल मात्र नको.

नुसतं ओतून घासलं तर तेल गोंदावरून घसरतं, म्हणून त्याला धरून ठेवायला काहीतरी हवं. टिश्यू किंवा जुन्या मऊ पंचाचा तुकडा तेलात भिजवून डागावर पसरा आणि वर प्लास्टिकची पिशवी अंथरा. रेक्झिनवर अर्धा तास, प्लास्टिकवर दहा मिनिटं. कडेला थर ढिला दिसू लागला की जुन्या एटीएम कार्डाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीच्या कडेने, जवळजवळ आडवं धरून, हळूहळू लोटत न्या. सुरी, ब्लेड, पत्र्याची पट्टी हातात घेऊ नका. रेक्झिनला लागलेला काप झाकता येत नाही.

थर फार जाड असेल तर खाण्याच्या सोड्यात तेल कालवून दाटसर लगदा करता येतो. तो बोटाने गोल फिरवला की बारीक कणांमुळे गोंद लवकर उचलला जातो. चकचकीत प्लास्टिकवर हा लगदा वापरू नका, चकाकी मंदावते.

पुढची पायरी बरेचजण गाळतात. तेल पूर्ण काढावं लागतं. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका, त्यात कापड बुडवून घट्ट पिळा आणि तेवढीच जागा पुसा. मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या कापडाने, शेवटी कोरड्या. तेल राहिलं तर चार दिवसांत तिथे गोंदापेक्षा जास्त धूळ बसते आणि पुढे खवट वास येतो. बंद केसमध्ये तो वास वाद्याच्या कापडात उतरतो.

स्पिरिट, आयपीए की सॅनिटायझर?

तिघांत आयपीए सर्वांत बरं. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात आणि काही औषधांच्या दुकानांत मिळतं. ते लवकर उडून जातं आणि मागे काही ठेवत नाही. कापसाच्या बोळ्यावर घ्या, डागावर अर्धा मिनिट टेकवून ठेवा आणि एकाच दिशेने उचलत पुसा. बोळा मळला की टाका. त्याच बोळ्याने पुढे गेलात तर गोंद फक्त इकडचा तिकडे पसरतो.

सर्जिकल स्पिरिटही काम करतं. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं, पण जेलमध्ये ते घट्ट करणारे पदार्थ आणि ग्लिसरीनही असतं, म्हणून मागे बुळबुळीत थर राहतो आणि तो पुन्हा पुसावा लागतो. अडीअडचणीला, छोट्या लेबलासाठी ठीक.

आणि फेणी?

हा प्रश्न खरोखर येतो. काजूच्या फेणीत अल्कोहोल साधारण ४२ टक्क्यांच्या आसपास असतं, उरलेलं जवळजवळ सगळं पाणी. गोंद सोडवायला ते कमी पडतं आणि पाणी प्लायवूडच्या सांध्यांत शिरतं. वापरू नका.

रॉकेल किंवा टर्पेंटाइन वापरू का?

जुन्या, कडक, तपकिरी झालेल्या खाकी टेपच्या गोंदाला यांच्याइतकं दुसरं काही लागू पडत नाही. रॉकेल आता पूर्वीसारखं सहज मिळत नाही. हार्डवेअरच्या दुकानात रंगाबरोबर मिळणारं मिनरल टर्पेंटाइन घ्या. पत्रा आणि पॉलिश केलेलं लाकूड यांवर ते बिनधास्त चालतं. रेक्झिनवर कापडाने लावा आणि मिनिटाभरात पुसून साबणाच्या पाण्याने धुवा, मुरू देऊ नका. एबीएस आणि पॉलिकार्बोनेटवर नको.

हे काम अंगणात किंवा बाल्कनीत करा. देवघराजवळ, समई किंवा अगरबत्ती जवळ असताना अजिबात नाही. हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा. वापरलेले बोळे आणि चिंध्या कचऱ्याच्या डब्यात कोंबण्याआधी बाहेर उघड्यावर पूर्ण वाळू द्या.

थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर?

नाही. थिनरने गोंद झटक्यात जातो हे खरं आहे. त्याच झटक्यात केसवरचं छापील नाव, रंग आणि रेक्झिनचा मऊपणाही जातो. पेट्रोल तर घरात हाताळूच नये. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा अ‍ॅसिटोन असतं आणि प्लास्टिकवर त्याचं काय होतं ते वर सांगितलंच.

लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ, व्हिनेगर यांनी निघतं का?

तांब्या-पितळेची भांडी आपण चिंचेने, आमसुलाने लखलखीत करतो, म्हणून हा उपाय सुचतो. तिथे आंबट पदार्थ धातूवर चढलेला काळा थर विरघळवतो. गोंद धातूचा थर नाही, त्यावर आंबटाचा परिणाम होत नाही. उलट केसच्या पितळी कड्यांवर आणि बिजागरांवर डाग पडतात. वरचा कागद भिजवायला व्हिनेगरचं पाणी थोडं उपयोगी पडतं, पण साधं कोमट पाणीही तेवढंच काम करतं.

लिंबाच्या किंवा संत्र्याच्या सालीतलं तेल ही वेगळी गोष्ट. ते गोंद खरोखर सैल करतं. साल दुमडून दाबली की उडणारे तुषार म्हणजे तेच. नीलगिरीचं तेलही तसंच काम करतं. रेक्झिन आणि पत्र्यावरच्या छोट्या डागाला हरकत नाही, प्लास्टिकला मात्र नको.

विमानतळावर लावलेला टॅग निघत नाही. वरचा कागद फाटतो आणि काळा पडतो. काय करू?

दाबोळीहून जा किंवा मोपाहून, सामानाच्या टॅगचा गोंद जाणूनबुजून जबरदस्त केलेला असतो, प्रवासात तो सुटता कामा नये म्हणून. त्यातल्या छपाईला शाई नसते. कागदावर उष्णतेने काळा होणारा लेप असतो. म्हणून हेअर ड्रायर लावला की टॅग काळा पडतो आणि स्पिरिट लागलं तरीही काळा पडतो. केसला काही झालेलं नसतं. मात्र केस फिक्या रंगाच्या कापडाची असेल तर स्पिरिटबरोबर तो लेप कापडात उतरू शकतो. तिथे आधी कागद साध्या पाण्याने काढा.

सगळ्यात वरचा थर नखाने सोलला की खाली भुसभुशीत कागद उरतो. त्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं कापड पंधरा मिनिटं ठेवा. कागद लगद्यासारखा निघतो आणि मग नुसता गोंद राहतो, त्याच्याकडे वर सांगितल्याप्रमाणे पाहा. कागद असताना तेल किंवा स्पिरिट गोंदापर्यंत पोचत नाही, ही गोष्ट कुठल्याही स्टिकरला लागू आहे.

घरी आलं की त्याच दिवशी टॅग काढला तर तो बोटांनी निघतो. मे महिन्याच्या उन्हात गाडीत पडून राहिला तर पुढचा सगळा खटाटोप.

हेअर ड्रायर लावला तर?

अख्खा स्टिकर काढायचा असेल तर ड्रायर फार चांगला. मध्यम उष्णता, वीतभर अंतर, हात सतत हलता. कोपरा सुटला की पट्टीच्या कडेने उचलत, शक्य तितकं मागे दुमडून ओढायचा, सरळ वर नाही. असं ओढलं की गोंद स्टिकरबरोबर येतो. स्टिकर आधीच फाटून गेला असेल तर उष्णतेने उरलेला गोंद नुसताच पातळ होऊन पसरतो.

केस उन्हात ठेवून स्टिकर ‘आपोआप’ सुटेल अशी वाट पाहू नका. रेक्झिन ज्या गोंदाने प्लायवूडला चिकटवलेलं असतं तोही उन्हाने सैल होतो आणि कोपरे फुगतात.

कापडी बॅगेवरचा गोंद कसा काढू? तबल्याची आणि गिटारची बॅग नायलॉनची आहे.

कापडाला तेल शक्यतो नकोच. गोंद जातो आणि तेलाचा डाग राहतो. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून गोंदावर दहा मिनिटं धरा. गोंद कडक झाला की नखाने किंवा जुन्या टूथब्रशने खरवडून काढा. पुन्हा मऊ पडला तर पुन्हा बर्फ. उरलेला पातळ थर आयपीएच्या बोळ्याने, कापडाच्या खाली जुनं सुती फडकं ठेवून, वरून टिपत काढा. घासलं तर गोंद विणीत खोल जातो.

एवढं करूनही बोटाला हलकं चिकटत असेल तर तिथे टाल्कम पावडर चोळून झटका. गोंद जात नाही, पण धूळ धरायचं थांबतो. मला हा उपाय पुरेसा वाटतो. बॅग वापरायची वस्तू आहे.

आतल्या मखमलीला गोंद लागला आहे, किंवा अस्तरच सुटून खालचा गोंद उघडा पडला आहे. स्वच्छ करू का?

मखमलीवर बर्फ आणि मऊ ब्रश, बस्स. कुठलंही द्रव आत ओतायचं नाही. अस्तर स्वतःही गोंदानेच धरलेलं असतं, तुम्ही डाग काढायला जाल आणि अख्खं अस्तर सैल होईल.

अस्तर सुटून पडलेला जुना, पिवळा थर असेल तर तो बोटांनी जेवढा निघेल तेवढा काढा आणि नवा गोंद लावा. फेव्हिकॉल एसआरसारखा, चप्पल-बुटांना आणि रेक्झिनला लावतात तो रबरी गोंद इथे वापरतात. दोन्ही बाजूंना पातळ लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. त्याचा वास तीव्र असतो आणि बंद जागेत बराच काळ टिकतो. तो पूर्ण जाईपर्यंत केस उघडीच राहिली पाहिजे.

स्टिकर कधीच लावला नव्हता, तरी केस हाताला चिकटते. पुसून पुसून परत तसंच.

हा गोंद नाही. केसचं स्वतःचंच साहित्य सडतं आहे. पॉलियुरेथेनचा लेप, त्याचं नकली चामडं आणि त्याचाच फोम हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटत जातात. आधी चिकट होतात, मग पापुद्रे सुटतात, फोमचा भुगा होतो. गोव्यात जुलैत हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असते, त्यामुळे आपल्याकडे हे कोरड्या गावांपेक्षा लवकर होतं. कपाटात बंद पडलेल्या केसला तर जास्तच.

मुठीवरचा रबरासारखा मऊ लेप चिकट झाला असेल तर आयपीएने चोळून तो लेप पूर्ण काढता येतो, खालचं कडक प्लास्टिक चांगलं असतं. आतला फोम भुसभुशीत झाला असेल तर बदलावाच लागतो. तो वाद्याला चिकटतो आणि व्हायोलिनच्या वॉर्निशवर बसला तर निघत नाही. नकली चामड्याला पापुद्रे सुटले असतील तर त्यावर पैसे घालू नका.

व्हायोलिनच्या केसमध्ये बोच्या जागी पिवळट चिकट थर आहे. तोही गोंदच का?

बहुतेक राळ असेल. बोच्या केसांना लावलेल्या राळेची भुकटी झडते आणि दमट, गरम हवेत एकजीव होऊन बसते. मुलं राळेची वडी उघडी ठेवतात, ती उन्हात मऊ होऊन अस्तराला चिकटते. बर्फ लावून कडक झालेले तुकडे उचला. मखमल नसलेल्या कडक भागावर आयपीएने राळ सहज विरघळते. व्हायोलिनवर बसलेल्या राळेला मात्र ते लावू नका, व्हायोलिनचं वॉर्निशही त्याच्याबरोबर जाऊ शकतं. तिथे वाजवून झाल्यावर रोज कोरडं मऊ कापड, एवढंच.

वाद्यावरच क्रमांकाचा स्टिकर लावला होता. तिथेही हेच उपाय?

नाही, आणि वाद्यावर स्टिकर लावू देऊ नका. आयोजकांना नम्रपणे सांगा, ते ऐकतात. लागलाच असेल तर हाताच्या ऊबेने सैल करून सावकाश सोला. तबल्याच्या पुडीवर आणि पखवाजाच्या शाईजवळ कुठलंही द्रव नको.

घुमट या गोव्यातल्या मातीच्या तालवाद्याबद्दल वेगळं सांगायला हवं. २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. त्याचं अंग भाजलेल्या मातीचं असतं, त्यावर झिलई नसते. अशी माती तेल शोषून घेते आणि तो डाग कायमचा राहतो. स्पिरिटमध्ये विरघळलेला गोंदही मातीत मुरतो. म्हणून घुमटाच्या भांड्यावर फक्त बर्फ आणि खोडरबर. बर्फाचं पाणी चामड्यापर्यंत जाऊ देऊ नका. पूर्वी घुमटाला घोरपडीचं चामडं लावत. घोरपडीला वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण असल्यामुळे आता ते बकऱ्याचं लावतात, पण ओलाव्याने ढिलं पडणं दोन्हींना सारखंच.

स्टिकर निघाला, पण त्या जागेचा रंग वेगळा दिसतो.

स्टिकरखालचा भाग मूळ रंगाचा राहिला आणि बाकीची केस उन्हाने फिकी झाली. हा डाग नाही, त्यामुळे घासून जाणार नाही. काही महिने वापरात राहिली की फरक कमी दिसू लागतो.

घरात आजोबांची जुनी केस आहे, तिच्यावर जुनी लेबलं आहेत. काढावीत का?

काढू नका, अशी माझी विनंती आहे. गोव्यातले वादक मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत, हॉटेलांत आणि आगबोटींवर वाजवायला जात होते. त्यांच्या केसवरची लेबलं म्हणजे त्या प्रवासाची नोंद आहे, आणि कुठल्याही कागदपत्रात ती बहुधा नसते. लेबलाची कड उचलली गेली असेल तर त्यावर पारदर्शक टेप मारू नका, काही वर्षांनी तीच टेप कागद पिवळा करून सोबत घेऊन जाते. गव्हाच्या पिठाची पातळ खळ बारीक कुंचल्याने कडेखाली लावून दाबा, आणि पूर्ण सुकू द्या, नाहीतर बुरशी धरेल. मोबाईलवर सगळ्या बाजूंचे फोटो काढून ठेवा.

साफ केल्यावर वाद्य कधी परत ठेवायचं?

इथे घाई करू नका. केस साफ करणं हे तासाभराचं काम आहे, वाळवणं दोन-तीन दिवसांचं, आणि पावसात त्याहून जास्त. प्लायवूडच्या सांध्यात आणि अस्तराखाली शिरलेलं पाणी बाहेरून दिसत नाही. तशी केस बंद केली की आतली हवा कोंदते आणि आठवड्याभरात बुरशीचे पांढरे ठिपके दिसतात. पेटीच्या भात्याला आणि व्हायोलिनच्या सांध्यांना हा ओलावा सोसत नाही.

केस पूर्ण उघडून, सावलीत, पंख्याखाली ठेवा. झाकण खाली टेकू देऊ नका. दुसऱ्या दिवशी झाकण लावून तासभर ठेवा, मग उघडून लगेच आत वास घ्या. टर्पेंटाइनचा, गोंदाचा, खवट तेलाचा किंवा कुबट, कसलाही वास आला तर अजून थांबा. द्रवाची वाफ वॉर्निशला मऊ करते, आणि बंद केसमध्ये तिला जायला दुसरी जागा नसते. वास राहतच असेल तर वाटीत खाण्याचा सोडा घालून आत ठेवा. वाद्य ठेवताना सिलिका जेलच्या पुड्या खिशात टाका. रंग बदलणारं जेल असेल तर ओलावा भरला की कळतं, आणि मंद आचेवर तापवून ते पुन्हा वापरता येतं.

कार्यक्रम उद्याच असेल तर वाद्य चादरीत बांधून न्या. ओल्या केसपेक्षा ती चादर बरी.

पुन्हा चिकटू नये म्हणून काय करता येईल?

केसला थेट काही चिकटवायचंच नाही. पावसात प्लास्टिक गुंडाळलं तर टेप प्लास्टिकला प्लास्टिक जोडण्यापुरती मारा, केसच्या अंगाला लागू देऊ नका. त्याहून सोपं म्हणजे सुतळीने बांधा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळणाऱ्या जाड ताडपत्रीचं, मापाने शिवून घेतलेलं कव्हर दर पावसाळ्याला कामी येतं.

मंडळाचं नाव, फोन नंबर आणि ‘नाजूक’ हा शब्द जाड पुठ्ठ्यावर लिहून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून मुठीला बांधा. स्पर्धेचा क्रमांकही त्याच पाकिटात सरकवता येतो. विमानतळावर टॅग मुठीभोवतीच लावायला सांगा, आणि त्याबरोबरचे छोटे बारकोड त्या पाकिटावर लावून घ्या. रंगमंचावर वायर किंवा केस जमिनीला धरून ठेवायची असेल तर साउंडवाल्यांकडे गॅफर टेप असते, तीच मागून घ्या. तिचा गोंद कमी राहतो. तरीही कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री काढा.